१६३८३ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर

काकांच्या लॅपटॉपमधून काढलेल्या हार्ड डिस्कवर एक पांढरं लेबल होतं. क्षमता २० जीबी. त्याखाली बारीक अक्षरांत १६३८३ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर. असली लेबलं मी आयुष्यात शेकड्यांनी पाहिली असतील, पण तो गुणाकार कधी करून पाहिला नव्हता. त्या रात्री केला, कारण डिस्क कॉम्प्युटरला दिसत नव्हती आणि करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. १६३८३ गुणिले १६ गुणिले ६३, प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा. उत्तर आलं ८.४ जीबी. मग बाकीचे साडेअकरा जीबी गेले कुठे?

शिवाय डिस्कची जाडी जेमतेम साडेनऊ मिलिमीटर. एवढ्या जागेत फार तर दोन तबकड्या मावतात. दोन तबकड्यांच्या चार बाजू, चार हेड. सोळा हेड ठेवायला आठ तबकड्या लागल्या असत्या. म्हणजे लेबल धडधडीत खोटं बोलत होतं. आणि ते एकटं नव्हतं. त्या काळात ८.४ जीबीहून मोठी कुठलीही डिस्क घ्या, वीसची, चाळीसची, ऐंशीची, तिच्यावर हेच तीन आकडे असायचे.

काका तलाठी होते. माण आणि खटाव तालुक्यांत त्यांची नोकरी झाली. निवृत्तीनंतर, २००४ साली, त्यांनी एक वापरलेला लॅपटॉप घेतला आणि त्यावर शेतांची नावं टाइप करायला सुरुवात केली. सातबाऱ्यावरची नव्हे. लोकांच्या तोंडातली. चिंचेचा मळा, वाघदरा, सटवाईचं, भुताचा वाफा, पाटलाचा पट्टा. नोकरीत असताना डायऱ्यांमध्ये टिपून ठेवलेली ही नावं ते गावागणिक लावत होते. डायऱ्या पुढे वाळवीनं खाल्ल्या. काका गेल्या वर्षी गेले. लॅपटॉप त्याच्या कितीतरी आधी बंद पडला होता. काकूनं तो पिशवीत घालून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "निघालं तर बघ काही. नाही तर असू दे, मी काही म्हणणार नाही." एका दुकानदारानं डिस्क दोन मिनिटं कानाला लावली आणि गेली म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं तर हातातही घेतली नाही.

'डिस्क ओळखली जात नाही' हे वाक्य आपण 'डिस्क मेली' याच अर्थानं ऐकतो. पण त्यातला शब्द 'ओळख' आहे, आणि ओळख ही दोघांमधली गोष्ट. विचारणारा लागतो, सांगणारा लागतो, आणि दोघांची भाषा एक लागते. या तिन्हींपैकी काय बिघडलंय, हे त्या एका वाक्यातून कळत नाही. आणि भाषेचं म्हणाल तर ती गेल्या सत्तर वर्षांत इतक्या वेळा बदलली, आणि बदलताना इतकी जुनी लक्तरं अंगावर बाळगत बदलली, की लेबलावरचे ते तीन आकडे कुठून आले हे समजून घ्यायला थेट १९५६ पर्यंत मागं जावं लागतं.

त्या वर्षी आयबीएमनं रामॅक बाजारात आणलं. त्यातल्या डिस्क-कपाटाचं वजन टनाच्या आसपास. आत दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक, आणि त्यांच्यामध्ये वरखाली, आतबाहेर सरकणारा एक दांडा. सगळं मिळून मावायची ५० लाख अक्षरं. शंभर-शंभर अक्षरांच्या पन्नास हजार नोंदी, आणि प्रत्येक नोंदीचा पत्ता पाच आकडी. पहिले दोन आकडे तबकडीचे, पुढचे दोन त्या तबकडीवरच्या वर्तुळाचे, शेवटचा त्या वर्तुळाच्या तुकड्याचा. तो पत्ता म्हणजे दांड्याला दिलेला हुकूमच होता. सदतिसाव्या तबकडीपर्यंत जा, बाराव्या वर्तुळापर्यंत आत सरक, चौथा तुकडा खाली येईपर्यंत थांब. पत्ता आणि जागा यांत काही अंतर नव्हतं. यंत्राचं झाकण काढून बोटानं दाखवता आलं असतं.

पर्सनल कॉम्प्युटरमध्ये डिस्क आली तेव्हा हीच पद्धत तिच्याबरोबर आली. १९८३ च्या आयबीएम पीसी-एक्सटीमध्ये १० मेगाबाइटची डिस्क होती. तिला पत्ता सांगण्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, २४ बिट राखलेले होते: सिलिंडरला दहा, हेडला आठ, सेक्टरला सहा. सहा बिटांत शून्य ते ६३ मावतात आणि सेक्टर एकपासून मोजतात, म्हणून ६३. दहा बिटांत १०२४ सिलिंडर. दहा मेगाबाइटच्या काळात ज्यानं हे ठरवलं त्यानं हात सैल सोडूनच ठरवलं होतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या नातवंडांसाठी घर बांधताना दाराची उंची कोण मोजतं?

पुढच्या वर्षी आलेल्या पीसी-एटीमध्ये एक गंमत होती. या मशीनला डिस्क आपलं नाव सांगत नसे. बायोसमध्येच डिस्कच्या प्रकारांची यादी होती आणि आपल्या डिस्कचा प्रकार क्रमांक माणसानं भरायचा. तो क्रमांक बॅटरीवर चालणाऱ्या स्मृतीत राहायचा. बॅटरी संपली की मशीन आपली डिस्क विसरायचं. डिस्क धडधाकट, तारा धडधाकट, आणि पडद्यावर डिस्क नाही. दुरुस्ती काय, तर दोन आकडी क्रमांक पुन्हा भरणे. शहाणी माणसं तो कागदावर लिहून मशीनच्या पेटीत आतून चिकटवून ठेवत.

मग १९८६ च्या सुमारास नियंत्रणाचं सर्किट डिस्कच्याच पाठीवर बसवायची कल्पना आली. वेस्टर्न डिजिटल, कॉम्पॅक आणि कंट्रोल डेटा या कंपन्यांनी मिळून ती आणली. तीच आयडीई. आता डिस्कला डोकं आलं, आणि डोकं आल्यावर दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे तिला स्वतःची ओळख सांगता येऊ लागली. मशीन एक आज्ञा सोडतं आणि डिस्क ५१२ बाइटांचा एक मजकूर परत पाठवते: मॉडेल, अनुक्रमांक, क्षमता, काय काय जमतं ते. त्यातली नावाची अक्षरं जोडी-जोडीनं उलटी येतात. आपल्या अक्षरांत सांगायचं तर 'करमाळा' हे 'रकळामा' असं येतं आणि घेणाऱ्यानं ते सुलट करून वाचायचं. मूळ मशीनच्या सोयीसाठी पडलेली ही रीत पुढेही तशीच पाळली गेली. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. डोकं आल्यावर डिस्क खोटं बोलायला शिकली. पण ते पुढे.

आधी माझी डिस्क. ती विचारलेल्या प्रश्नाला उत्तरच देत नव्हती. यूएसबीचं अडॅप्टर लावलं की दिवा लागायचा, एक घरघर सुरू व्हायची, चढत चढत जायची आणि 'टक्' होऊन थांबायची. पुन्हा घरघर, पुन्हा टक्. दुकानदाराला ऐकू आली ती हीच. हा आवाज हेड निकामी झाल्याचाही असू शकतो, त्यामुळे त्याचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. पण लेबलावर अजून एक ओळ होती: ५ व्होल्ट, १ अँपिअर. यूएसबी २.० चं एक भोक ५०० मिलिअँपिअर द्यायला बांधलेलं. तबकड्या एकदा फिरू लागल्या की तेवढ्यात भागतं, पण थांबलेल्या तबकड्यांना पहिला झोका द्यायला दुप्पट वीज लागते. विहिरीचा रहाट पहिल्या ओढीला जड लागतो, तसंच. आणि डिस्कच्या डोक्यातला बराचसा प्रोग्रॅम सर्किटवर नसतो, तो तबकडीवरच एका राखीव पट्ट्यात असतो. तबकड्या पुरत्या फिरल्याशिवाय डिस्कला आपण कोण हेही धड आठवत नाही. भुकेल्या माणसाला नाव विचारण्यातला प्रकार.

दोन तोंडांची यूएसबी केबल आणली, दोन भोकांतून वीज दिली. घरघर चढली आणि चढलेलीच राहिली. पडद्यावर मॉडेलचं नाव आलं आणि त्यापुढे ३,९०,७०,०८० सेक्टर. गुणिले ५१२ म्हणजे २० जीबी. हिशेब जुळला. आणि त्याच क्षणी विंडोजनं विचारलं: ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करायची का?

या प्रश्नाइतका सभ्य आवाजातला खुनी प्रश्न मी दुसरा पाहिलेला नाही. मी 'नाही' म्हटलं, डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवायला लावली आणि ती रात्रभर चालू ठेवली. हात लावायचा तो प्रतीला, मूळ डिस्कला नाही, एवढं एक पथ्य मी कटाक्षानं पाळलं.

ती रात्र मी लेबलापाशी घालवली. झालं होतं असं. बायोस म्हणत होतं, सिलिंडर १०२४, हेड २५६, सेक्टर ६३ पर्यंत सांगा. आयडीईची भाषा म्हणत होती, सिलिंडर ६५५३६, हेड १६, सेक्टर २५५. दोन्ही आपापल्या जागी ऐसपैस. पण दोघांना एकमेकांशी बोलायचं असेल तर प्रत्येक बाबतीत ज्याचं तोंड लहान त्याचं मोजमाप चालणार. १०२४ गुणिले १६ गुणिले ६३. झाले ५२ कोटी ८४ लाख ८२ हजार ३०४ बाइट. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला डिस्का या आकड्याला भिडल्या आणि थांबल्या. दुकानातून मोठी डिस्क आणलेल्या माणसाला मशीन ५०४ मेगाबाइटच दाखवायचं. कुणाच्याच चुकीनं ही भिंत उभी राहिली नव्हती. दोन वेगवेगळ्या वर्षी, दोन वेगवेगळ्या खोल्यांत, दोघांनी उदारपणे आखलेल्या चौकटींचा तो छेद होता.

तोडगा निघाला तो भाषांतराचा. बायोसनं सिलिंडर निम्मे करायचे आणि हेड दुप्पट करायचे, पुन्हा निम्मे, पुन्हा दुप्पट, १०२४ च्या आत येईपर्यंत. गुणाकार तोच राहतो. डिस्कनं तर आधीच सत्य सोडलेलं होतं, कारण तोवर तबकडीच्या बाहेरच्या लांब वर्तुळांवर जास्त सेक्टर आणि आतल्या आखूड वर्तुळांवर कमी सेक्टर बसवायची पद्धत आली होती. सगळीकडे ६३ हे आता कुठल्याच डिस्कमध्ये खरं नव्हतं. एक खोटं दुसऱ्या खोट्यात भाषांतरित होत होतं आणि काम चाललं होतं.

फक्त एक अडचण होती: सगळ्यांचं भाषांतर सारखं नव्हतं. बहुतेक मशीनं २५५ हेड धरत, तर काही लॅपटॉप २४० धरत. त्यामुळे एका लॅपटॉपमध्ये तयार केलेली डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की तिचं नाव दिसायचं, आकार दिसायचा, पण त्यावरून मशीन सुरू व्हायला गेलं की भलत्याच जागी बोट ठेवलं जायचं. वापरलेली डिस्क घेणाऱ्या कितीतरी लोकांनी या कारणासाठी चांगल्या डिस्का फेकून दिल्या असतील.

काकांना हे सांगितलं असतं तर त्यांना लगेच कळलं असतं. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात मोजणीची जी घडी बसवली, तिच्यातून आपल्याकडचे सर्व्हे नंबर आले. नंबर म्हणजे जागा, बांध दाखवता येईल अशी. मग १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली गावागावांत गट पाडले गेले आणि सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. जमीन तिथंच. पण ज्याच्या हातात जुना दस्त आहे त्याला नव्या सातबाऱ्यावर आपलं शेत सापडत नाही. जुना सर्व्हे नंबर म्हणजे नवा कुठला गट, हे सांगणारं पत्रक लागतं, आणि ते हरवलं असेल तर दोन पिढ्या कोर्टात जातात. काका म्हणायचे, नंबर सरकारचा, नाव शेताचं. ती नावं टिपायची खोड त्यांना यातूनच लागली. नंबर बदलले तरी म्हातारी माणसं 'वाघदरा' म्हटलं की त्याच बांधाकडे हात करायची.

डिस्कच्या बाबतीत शेवटी भौगोलिक पत्ता सोडूनच दिला गेला. सेक्टरांना शून्यापासून सरळ क्रमांक द्यायचे आणि कुठला क्रमांक कुठे ठेवायचा ते डिस्कचं डिस्कनं बघायचं. ८.४ जीबीच्या पुढे हाच मार्ग उरला. तरी जुनी मशीनं तीन आकडे विचारणार, म्हणून सगळ्या उत्पादकांनी एकच उत्तर ठरवलं: १६३८३, १६, ६३. त्याचा अर्थ एवढाच की हे विचारू नका, क्रमांकानं बोला. माझ्या डिस्कवरचं लेबल हरवलेल्या साडेअकरा जीबींबद्दल एवढंच सांगत होतं.

त्या क्रमांकालाही सुरुवातीला २८ बिटच दिलेले होते, आणि २००० नंतर १३७ जीबीपाशी पुन्हा तीच गत झाली. ही भिंत जास्त वाईट होती, कारण ती दिसत नसे. पहिल्या सर्व्हिस पॅकच्या आधीच्या विंडोज एक्सपीसारख्या प्रणालीवर मोठी डिस्क चुकीच्या रीतीनं जोडली गेली, तर १३७ जीबीच्या पलीकडे लिहिलेला मजकूर वळसा घालून डिस्कच्या सुरुवातीवर जाऊन बसायचा. सगळं सुरळीत दिसत असताना घराचा पाया उकरला जायचा. आता ४८ बिट आहेत.

सकाळी प्रत तयार झाली. तीन ठिकाणचे सेक्टर वाचता आले नव्हते आणि त्यातलं एक ठिकाण होतं विभागाचा पहिलाच सेक्टर. पुढे कुठली रचना आहे, तिच्या सूची कुठे आहेत, हे जिथं लिहिलेलं असतं तोच. मुखपृष्ठ फाटलं म्हणून विंडोज पुस्तक रद्दीत काढायला निघालं होतं.

त्या पानाची दुसरी प्रत असते हे मला माहीत नव्हतं. काकांची विंडोज ९८ होती आणि डिस्क फॅट३२ रचनेची. ही रचना १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या एका सुधारित आवृत्तीबरोबर आली. तिच्या आधीच्या रचनेत पहिला सेक्टर गेला की गेला. फॅट३२ मध्ये त्याची नक्कल सहाव्या सेक्टरात ठेवायची सोय केली गेली. सहाव्यातलं उचलून मी प्रतीच्या सुरुवातीला ठेवलं आणि फोल्डर उघडले.

त्याआधी, सहाव्या सेक्टरचा शोध लागण्यापूर्वी, मी एक आगाऊपणा केला होता. पुसलेल्या फायली उकरून काढणारा एक प्रोग्रॅम प्रतीवर चालवला होता. त्यानं काकांच्या आधीच्या मालकाला वर काढलं. एका कचेरीतले रजेचे अर्ज, पगाराचे तक्ते, कुणाच्या तरी आजारपणाची कागदपत्रं. लॅपटॉप वापरलेला होता हे मला माहीत होतं, पण म्हणजे काय ते तेव्हा कळलं. सिमसन गारफिंकल आणि अभी शेलाट या एमआयटीतल्या दोघांनी २००० ते २००२ या काळात १५८ वापरलेल्या डिस्का विकत घेऊन तपासल्या होत्या. १२९ चालू निघाल्या आणि त्यांतल्या फक्त १२ नीट पुसलेल्या होत्या. बाकीच्यांवर क्रेडिट कार्डांच्या क्रमांकांपासून काय काय सापडलं. गंमत अशी की आपली स्वतःची फाईल हवी असते तेव्हा डिस्क ओळख देत नाही, आणि परक्याची मात्र न मागता पुढे करते. पगाराचे दोन तक्ते वाचून झाल्यावर मी ते सगळं पुसलं. पहिल्यावरच थांबायला हवं होतं.

काकांच्या फायली सापडल्या. एकतीस गावं, एकतीस फायली. पहिली उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं, कंस आणि उद्गारचिन्हं यांची खिचडी. क्षणभर वाटलं, प्रतच नासली. पण खिचडीत लय होती, तीच तीच जोडाक्षरं फिरून येत होती. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण काकांच्या विंडोज ९८ ला ती पेलत नव्हती. त्या काळात फॉन्ट बनवणारे इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवत, प्रत्येक जण आपल्या मर्जीनं. फाईलमध्ये खरोखर इंग्रजी अक्षरंच असतात, मराठी असतं ते फक्त फॉन्टमध्ये. कुठला फॉन्ट, हे कळायला त्याच डिस्कवर विंडोजच्या फॉन्टांचा फोल्डर होता. तो आधी उचलला, मग फायली उघडल्या.

छापून काकूकडे नेल्या. तिनं चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला लागली. वाघदरा. सटवाईचं. लवणातलं. एका फायलीत मध्येच अर्धं पान कोरं होतं, न वाचलेल्या सेक्टरांचं. तिथं ती थांबली, बोट ठेवलं, आणि दोन नावं स्वतःहून सांगितली. मी ती पेन्सिलीनं लिहिली. पुढच्या पानावर 'बुरुजाखालचं' आलं तशी ती म्हणाली, "बुरुज कुठला त्या गावात? बोराखालचं आहे ते. मी तेव्हाच सांगितलं होतं त्यांना."